टपावरचं बिऱ्हाड

आमचे वसईचे घरमालक पहिल्या भेटीत आमच्याशी बोलले ते पंख्याच्या हुकाला लटकून.

मी आणि माझा नवरा, दोघंही साताऱ्याकडचे, लग्न नुकतंच झालेलं. भाड्याची जागा बघत फिरत होतो. स्टेशनपासून पश्चिमेला रिक्षा बरीच आत गेली, केळीच्या वाड्यांमधून चार वळणं झाली, एक बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, लागलं, त्यात म्हशी बसल्या असतील असं वाटलं तर बदकं निघाली, आणि पुढे हे दुमजली घर. खाली मालक-मालकीण, वरचा मजला भाड्यानं. मालकीणबाईंनी, म्हणजे आंटींनी, वरचं कुलूप उघडलं. हॉलमध्ये पंखा नव्हता, नुसता हूक होता. "पंखा आमचा आम्ही आणू, फक्त हूक मजबूत आहे ना?" नवऱ्यानं सहज विचारलं.

तेवढ्यात मागून साठी उलटलेला एक सडपातळ माणूस आला. खाली अर्धी चड्डी, वर कडक इस्त्रीचा शर्ट. त्यानं स्टूल ओढलं, वर चढला, दोन्ही हातांनी हूक पकडला आणि पायानं स्टूल ढकलून दिलं.

"कुठला पण पंखा लाव," तो वरून म्हणाला. "मी लटकून बघितलंय. आता पण बघतोय."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी आंटींकडे बघितलं. आंटी शांतपणे खिडक्या उघडत होत्या.

"त्याला स्टूल द्या कोणीतरी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "उतरता येत नाही मग रागावतो."

आम्ही ती जागा घेतली. पुढची काही वर्षं त्या घरात काढली आणि त्या काळात अंकल लटकले नाहीत अशी वस्तू मला आठवत नाही. गॅलरीचा कठडा, पाण्याच्या टाकीचा पाइप, आंब्याची फांदी, माझ्या बहिणीच्या बाळासाठी बांधलेल्या पाळण्याची साखळी. लग्नाला गेले की आधी मांडवाचा खांब हलवायचे, मग नवरा-नवरीला शुभेच्छा. चर्चमध्ये नवीन झुंबर बसवलं तेव्हा फादरनी म्हणे निरोप पाठवला होता की, तपासणी झालेली आहे, आपण येऊ नये. गावात त्यांना मागून वटवाघूळ म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "वटवाघूळ कधी पडलेलं बघितलंय?" ते विचारायचे.

याला कारण होतं. अंकलची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत गेली. क्रेनला माल बांधणाऱ्या टोळीचे ते मुकादम. तरुणपणी एकदा ते क्रेनखाली उभे असताना कोणीतरी चहाला हाक मारली, ते चार पावलं बाजूला झाले आणि ते उभे होते तिथे साखळी तुटून भलं मोठं खोकं येऊन पडलं. हा प्रसंग ते नेहमी एकाच वाक्यात सांगत. "साखळी दिसायला एकदम चांगली होती." त्यानंतर नुसतं दिसायला चांगलं असलेल्या कशावरही त्यांनी विश्वास ठेवला नाही.

ऐकायला गंमत वाटते, पण या सगळ्याचा त्रास आंटींना होता. अंकल परक्या छपराखाली झोपत नसत. लॉज नाही, नातेवाइकाचं घर नाही, हॉस्पिटल तर नाहीच. भाचीच्या लग्नाला गोव्याला गेले तेव्हा सगळे आत गाद्यांवर झोपले आणि हे अंगणात खुर्ची टाकून बसून राहिले. वर काही नाही म्हणजे पडणार काही नाही, हा हिशोब. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लग्नाच्या मिस्सेत ते इतके पेंगले की फादरनी वराला विचारलेल्या प्रश्नाला "हो" यांनीच म्हटलं.

त्यामुळे आंटी कुठेच जात नसत. एकटीला जायला अंकलची हरकत नव्हती, पण आंटी जायच्या नाहीत. लेक पोटात असताना काहीतरी अडचण आली होती, तेव्हा त्यांनी तिकडे तमिळनाडूतल्या वेलंकणीच्या मातेला नवस बोलला होता की, मूल सुखरूप झालं तर आम्ही दोघं येऊ. दोघं. लेक झाली, शिकली, लग्न होऊन कॅनडाला गेली. नवस तसाच. दरवर्षी गावातली मंडळी वेलंकणीला निघाली की आंटी त्यांच्याजवळ आपल्या नावाचा हार द्यायच्या आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभ्या राहायच्या.

"मी एकटी गेले तर नवस अर्धाच फिटतो ना, बाय," त्या मला एकदा म्हणाल्या. "अर्ध्या नवसाला माता काय म्हणेल? बाकीचा अर्धा कुठाय? काय सांगू, हुकाला लटकलाय?"

अंकलकडे एक जुनी फोर बाय फोर गाडी होती. चौकोनी, लोखंडी, आवाज ट्रॅक्टरचा. निवृत्तीनंतर कुठल्याशा खाणमालकाकडून त्यांनी ती घेतली होती आणि वाडीतली केळी बाजारात न्यायला वापरत. एका रविवारी मिस्सेनंतर ते कळंबच्या किनाऱ्यावर मासे बघायला गेले आणि परत आले ते धावतच. मी जिन्यात कपडे वाळत घालत होते. "पोरी, खाली ये! मोबाइल घेऊन ये!"

किनाऱ्यावर पुण्याची काही मुलं आली होती. त्यांच्या गाडीच्या टपावर एक चपटी पेटी होती. त्यांनी ती उघडली तर आतून तंबू निघाला. गादीसकट, खिडक्यांसकट. एक शिडी खाली सोडली, वर चढले आणि झोपले.

"टपावर?" आंटींनी विचारलं.

"टपावर! आणि छप्पर कशाचं, विचार."

"कशाचं?"

"कापडाचं!" अंकलचे डोळे चमकत होते. "पडलं तर पांघरूण होईल! वरची चिंताच मिटली. आता फक्त खालचं बघायचं."

आंटी तडक उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा कसासाच झाला होता. "याच्यात बसून वेलंकणीला जाता येईल का गं?" त्यांनी अगदी हळू विचारलं, जणू मोठ्यानं विचारलं तर बेत मोडेल.

कामणच्या बाजूला गोदामांच्या रांगेत अशा गाड्यांचं सामान विकणारा एक जण आहे असं मोबाइलवर सापडलं. अंकल मला बरोबर घेऊन गेले, कारण इंग्रजी वाचायला कोणीतरी हवं. दुकानदार तरुण होता, दाढी राखलेला, हातावर डोंगर गोंदवलेला. त्यानं आम्हाला पाणी दिलं, खुर्च्या दिल्या आणि दुकानातल्या नमुन्याच्या गाडीवरचा तंबू उघडून दाखवला. अंकलनी तंबूकडे बघितलंही नाही. ज्या दोन आडव्या पट्ट्यांवर तो बसवला होता त्यातली एक त्यांनी पकडली आणि पाय वर घेतले.

दुकानदार दचकला. मी म्हणाले, "असू दे, ते असंच करतात."

पट्टी हलली नाही. अंकल खाली उतरले, हात झटकले. "पास," ते म्हणाले. "हाच लाव आमच्या गाडीला."

"अंकल, ये तो खडी गाडी है ना," दुकानदार म्हणाला.

"मग?"

"उभ्या गाडीवर तुम्ही लटकले, तर वजन सरळ खाली जाते. टप ते घेऊन टाकतो. पण गाडी चालायला लागली की वजन खाली नाही राहत. ब्रेक मारला की पुढे ओढते, वळला की बाजूला ओढते, खड्ड्यात गेली की वर उडते. म्हणून कंपनी दोन आकडे देते. उभ्या गाडीचा मोठा, चालत्या गाडीचा छोटा. चालताना वर फक्त तंबू आणि पट्ट्या, ते पण छोट्या आकड्याच्या आत पाहिजे. माणसं गाडी थांबल्यावरच वर. लटकून चालत्या गाडीचं काही कळत नाही, अंकल."

तो नम्रपणेच बोलला. पण अंकलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "काही कळत नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"उभ्या गाडीचं कळते ना."

परतीच्या वाटेवर ते प्रत्येक खड्ड्याला वर टपाकडे बघत होते. फाटकाशी गाडी थांबवून म्हणाले, "पोरी, मी आयुष्यभर फक्त उभ्या वस्तू तपासल्या." आणि न जेवता झोपले. आंटींना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे गाडी उभी असली तर मला धरते, चालायला लागली की धरत नाही?" त्या म्हणाल्या. "मग यात नवीन काय, नवरा पण तसाच आहे."

दुसऱ्या दिवसापासून अंकल विद्यार्थी झाले. रोज संध्याकाळी मी ऑफिसमधून आले की ते जिन्याच्या पायरीवर वाट बघत बसलेले. मी तंबूचं माहितीपत्रक वाचून दाखवायची, मोबाइलवरचे व्हिडिओ लावायची, त्यांना मराठीत सांगायची. त्यांच्या गाडीला टपाच्या कडेनं पावसाचं पाणी वाहून जायची पन्हळ होती. पट्ट्या त्या पन्हळीला आवळायच्या, एकमेकींपासून शक्य तेवढ्या लांब. बोल्ट ढिला नको आणि फार कसला तर आटे जातात, म्हणून ठरावीक जोर आला की कट् असा आवाज करणारा पाना आणायचा. तो त्यांनी आणला आणि घरातल्या सगळ्या नळांना, दारांना आणि आंटींच्या शिलाई मशीनला कट् करून टाकलं. मशीनचं चाक नंतर फिरेना.

मग वजनांचा प्रश्न आला. उभ्या गाडीवर तंबू, गादी, पांघरुणं आणि दोन माणसं. अंकल स्वतः केळी तोलायच्या काट्यावर उभे राहिले. आंटी म्हणाल्या, "मी केळी नाही."

"अगं, हिशोबाला पाहिजे."

"अंदाजे धर."

"अंदाजे धरलं म्हणून तर साखळी तुटली!"

आंटी ऐकेनात. शेवटी अंकलनी दुसरा मार्ग काढला. दुकानातून टेंपोनं आणलेला तंबू तात्पुरता टपावर चढवला होता, अंगणात आंब्याखाली. त्यात ते वाळूची पोती भरून ठेवू लागले, दोघांच्या वजनाइतकी, आणि आठवडाभर तशीच ठेवून टप वाकतो का ते बघणार होते. आंटी तांदूळ निवडत ओट्यावर बसल्या होत्या. अंकलच्या वाट्याची पोती चढली. मग त्यांच्या वाट्याची चढायला लागली. एक, दोन, तीन. आंटींचा हात थांबला. अंकलनी आणखी एक उचललं.

"ते कोणाचं?" आंटींनी विचारलं.

अंकल शिडीवर पोतं खांद्यावर घेऊन थबकले. "सुरक्षेसाठी जास्तीचं," ते म्हणाले.

"सुरक्षेसाठी जास्तीचं तुझ्या बाजूला ठेव."

अंकलनी ते पोतं मुकाट्यानं स्वतःच्या बाजूला ठेवलं. संध्याकाळी आंटी माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "बाय, तुझ्याकडे वजनाचा काटा आहे ना?" दार लावून घेतलं, वजन केलं, कोणाला सांगू नकोस म्हणून मला शपथ घातली आणि अंकलना आकडा सांगायला खाली गेल्या. थोड्या वेळानं खिडकीतून बघितलं तर अंकल एक पोतं परत खाली उतरवत होते आणि आंटी तोंड दुसरीकडे करून हसत होत्या.

सगळं झालं. टप वाकला नाही. चार शेजारी बोलावून तंबू उतरवला, पट्ट्या पुन्हा मोजून बसवल्या, तंबू परत चढवला. प्रत्येक बोल्ट आणि नट कसून झाल्यावर अंकलनी दोघांवरून लाल रंगाची एक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. ही युक्ती त्यांना दुकानदारानं सांगितली होती आणि ती त्यांना इतकी आवडली की माझ्या गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरवरही रेघ आली.

पहिली फेरी जवळच ठरली. कामणच्या पुढे आंटींच्या भावाचं शेत आहे, तिथे दुपारी जेवायला जायचं, वाटेतल्या खराब रस्त्यावर तंबू कसा राहतो ते बघायचं आणि परत यायचं. मी मागच्या सीटवर. माझ्या मांडीवर फुग्यांचा, म्हणजे तळलेल्या गोल पावांचा डबा आणि पायाशी चिकनच्या कालवणाचं पातेलं. आंटी पुढे, हातात जपमाळ. अंकलनी क्रूसाची खूण केली, गाडी सुरू केली, अंगणातून वळवली आणि फाटकापाशी येऊन थांबले.

फाटकावर कमान होती. अंकलच्या वडिलांनी बांधलेली, सिमेंटची, वर क्रूस. त्या कमानीखालून गाडी रोज जायची. पण तेव्हा टपावर तंबू नव्हता. अंकल उतरले, बोनेटवर चढले, तंबूचा माथा बघितला, कमान बघितली. चार बोटं कमी पडत होती.

"वजन केलं," ते हताश होऊन म्हणाले. "उंची केलीच नाही."

"कामणला निघालो आणि कमानीत अडकलो," आंटी म्हणाल्या.

गावाला हे कळायला फार वेळ लागला नाही. वाटेनं जाणारे थांबले, वाडीतले आले, रिक्षावाले रिक्षा बाजूला लावून आले. प्रत्येकाकडे उपाय होता. टायरची हवा काढा. जमीन खणा. तंबू उतरवा, बाहेर नेऊन लावा. "आणि परत येताना?" अंकलनी विचारलं. "दरवेळी चार माणसं बोलवू?" शेवटी शेजारी राहणारा त्यांचा चुलतभाऊ टेप घेऊन शिडीवर चढला. नीट मोजावं म्हणून त्यानं एक कोपर कमानीवर टेकलं. आणि कोपराखालचा सिमेंटचा तुकडा सुटून खाली पडला.

सगळे जवळ सरकले. आत सळी दिसत होती. सळी कसली, गंजाचा चुरा. खाऱ्या हवेनं तिचं केव्हाच पीठ केलं होतं. अंकल शिडीवर चढले आणि बोटाच्या पेरानं कमान वाजवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. सगळीकडून पोकळ आवाज आला. याच कमानीखालून लेक नवरी होऊन गेली होती. सणाची मिरवणूक दरवर्षी इथेच थांबायची. आंटी हार देऊन उभ्या राहायच्या त्या इथेच.

"अरे, तू हिला कधी लटकला नाहीस?" चुलतभावानं विचारलं. हसत नव्हता, खरंच विचारत होता.

अंकलनी मान हलवली. त्यांनी वरचा क्रूस दोन्ही हातांनी हळूच सोडवला, खाली आणला आणि आंटींच्या हातात दिला. मग सगळ्यांना मागे सरायला लावलं, दोर टाकला आणि ओढला. एकाच हिसक्यात कमान खाली आली. एवढी कमी ताकद लागली की ओढणारे तिघं मागे आपटले.

दुपारभर अंकल पायरीवर बसून होते. मी चहा नेऊन दिला. "गावभर लटकलो," ते म्हणाले. "पण ही पप्पांनी बांधलेली. हिला लटकायचं म्हणजे पप्पांनाच लटकून बघायचं ना?" मी बशी पुढे सरकवली. ते म्हणाले, "ते पण उंचीला कमीच होते." आणि चहा प्यायला लागले. मला वाटतं, त्यांनी वडिलांना तिथे माफ केलं, किंवा स्वतःला. क्रूस त्यांनी दुसऱ्या दिवशी फाटकाच्या खांबावर बसवला आणि खांबाला दोन्ही बाजूंनी हलवून बघितलं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा निघालो. तेच पातेलं, नवं कालवण. भिवंडी रस्त्याला लागलो. अंकल इतकी सावकाश गाडी चालवत होते की सायकलवाले आमच्याकडे वळून बघत. "वरती वजन आहे, वळताना गाडी कलते," ते दर वळणाला सांगायचे. कामणच्या अलीकडे समोरच्या कंटेनरनं एकदम ब्रेक मारला. अंकलनीही मारला. डबा माझ्या मांडीवरून उडाला, फुगे सगळ्या गाडीभर झाले, पातेलं कलंडलं आणि कालवण माझ्या चपलांत शिरलं. आंटींची जपमाळ काचेवर आपटली. गाडी कंटेनरच्या मागे हातभर अंतरावर थांबली.

मला वाटलं, आता ते विचारतील, लागलं का. त्यांनी दार उघडलं, भर रस्त्यात उतरले, टपावर चढले आणि पालथे पडून बोल्ट बघायला लागले. मागे हॉर्न सुरू झाले. एक ट्रॅफिक पोलीस रस्ता ओलांडून आला. चांगला धिप्पाड, घामाघूम झालेला.

"काय चाललंय? खाली या आधी! हे वर काय आहे?"

"तंबू," अंकल म्हणाले.

"टपावर तंबू? हे उडून कोणाच्या डोक्यात पडलं म्हणजे?"

अंकल टपावरून खाली आले ते अगदी आनंदात. "साहेब, हाच माझा प्रश्न आहे! तुम्ही एकटे आहात ज्यांनी तो विचारला. बघा, एवढा ब्रेक लागला, रेघ तुटली नाही. एक पण नाही. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही ओढून बघा."

"मी?"

"तुमचं वजन चांगलं आहे. ओढा."

पोलिसानं आजूबाजूला बघितलं. मग कुतूहल जिंकलं असावं. त्यानं पट्टी पकडली, ओढली. मग जोरात ओढली. मग दोन्ही हातांनी. सगळी गाडी त्याच्याबरोबर हलली, आम्ही आत हललो, आंटींनी डॅशबोर्ड धरला, पण तंबू पट्टीवरून तसूभर सरकला नाही. पोलीस धापा टाकत थांबला.

"पक्कं आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता. "कुठे निघालात?"

आंटींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "वेलंकणीला!" त्या म्हणाल्या.

अंकलनी वळून बघितलं. आम्ही तर भावाच्या शेतावर निघालो होतो. वेलंकणीचं नाव आंटींनी इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर मोठ्यानं घेतलं नव्हतं. पोलिसानं नमस्कार केला, "आमच्यासाठी पण मागा काहीतरी," म्हणाला आणि मागची वाहनं थांबवून आम्हाला रस्ता करून दिला. अंकल गाडीत बसले. आरसा सारखा केला. मग म्हणाले, "तिकडे रस्ता कसा आहे, ते विचारायला पाहिजे."

ते खरंच गेले. तिथल्या मातेच्या सणाची गर्दी ओसरल्यावर, एका सकाळी, अख्खा गाव बघायला जमलेला असताना. कमान नव्हती, त्यामुळे गाडी सरळ बाहेर पडली. थोड्या अंतरावर गेली आणि थांबली. सगळ्यांना वाटलं काहीतरी विसरलं. अंकल उतरले, बोल्ट बघितले, परत बसले. गावानं टाळ्या वाजवल्या.

वाटेत आंटींचे फोन यायचे. पहिल्या मुक्कामाला त्या तंबूत झोपल्या आणि अंकल खाली शिडी धरून बसले. म्हणे, जमीन सपाट आहे, पण शिडी नवीन आहे. दुसऱ्या मुक्कामालाही तेच. तिसऱ्यालाही. "गादी एकदम मऊ आहे गं," आंटी सांगायच्या, "पण खालून हा दर थोड्या वेळानं विचारतो, हललं का? हललं का? मला झोप लागली की हा उठवून विचारतो."

मग एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. मी ऑफिसला निघायच्या घाईत होते. पडद्यावर आंटी, डोक्यावर ओढणी, मागे वाळू आणि समुद्र. त्या कुजबुजत होत्या.

"पोचलात?" मी विचारलं.

"हळू बोल. काल पोचलो. काल मी त्याला सांगितलं, तू तंबू दोघांच्या वजनासाठी बसवलास ना? मग मी एकटी वर झोपून काय कळणार? तुझी परीक्षा अर्धीच झाली. तर म्हणाला, हे बरोबर आहे. तपासायला म्हणून वर आला. आडवा झाला. हललं का म्हणून विचारायला तोंड उघडलं आणि तसाच घोरायला लागला."

त्यांनी फोन फिरवला. गाडी उभी होती, तंबू उघडा होता आणि जाळी उघडलेल्या खिडकीतून अंकलचे दोन पाय बाहेर आले होते. ऊन चांगलंच वर आलं होतं. इतक्या वर्षांत मी अंकलना उजाडल्यावर झोपलेलं कधी बघितलं नव्हतं.

"मी हळूच उतरले," आंटी म्हणाल्या. "मिस्सेला जाऊन आले. मातेला सांगितलं, दोघं आलोय, एक बाहेर आहे, त्याला झोपू दे. मेणबत्ती लावली. नवस फिटला, बाय."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. मी म्हणाले, अंकलना उठवा ना, त्यांनाही सांगा.

"वेडी आहेस का?" त्यांनी फोन तोंडाजवळ आणला. "नवस फिटला कळलं तर आजच गाडी वळवेल. तू पण सांगू नकोस." मग इकडे-तिकडे बघत त्यांनी ओढणीखालून हात बाहेर काढला. हातात कागदात गुंडाळलेल्या मेणबत्त्यांचा चांगला जाडजूड जुडगा होता. "मी त्याला सांगणार आहे, रोज एक लावायची असते."